करपल्लवी आणि यंत्र

बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा, अभिनवगुप्ताच्या टीकेसह, पहिला खंड १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्या घटनेला आता शतक होत आहे. मानवल्ली रामकृष्ण कवी या दाक्षिणात्य पंडिताने ठिकठिकाणची सुमारे चाळीस हस्तलिखिते पडताळून हे संपादन हाती घेतले आणि चौथा खंड निघाला तो १९६४ साली. यांपैकी १९३४ साली छापलेल्या दुसऱ्या खंडातील नववा अध्याय हातांचा आहे. एका हाताने करावयाचे चोवीस हस्त, दोन्ही हातांनी करावयाचे तेरा, शिवाय नृत्तातले निराळे, अशी ती मोजदाद आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत ग्रंथाची अग्रलेखात आठवण काढण्यामागे केवळ पुण्यस्मरणाचा हेतू नाही. बोटे अमुक प्रकारे वळली म्हणजे काय समजावे, हा जुना प्रश्न आज नव्याने विचारला जात आहे, आणि या खेपेस तो यंत्रे विचारीत आहेत.

संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्याला बोट न लावता, नुसता हात हवेत हलवून त्याच्याकडून काम करून घेण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेबाहेर पडले आहे. त्याची रीत मोठी गमतीची आहे. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चित्रात यंत्र प्रथम तळहात शोधते. बोटे कशीही वाकतात, तळहाताचा आकार मात्र फारसा बदलत नाही, म्हणून तो ओळखणे सोपे. तळहात सापडला की त्यावर एकवीस बिंदू बसविले जातात. मनगटाचा एक, आणि प्रत्येक बोटाचे चार. म्हणजे तीन सांधे आणि एक टोक. आमच्या आज्या अंगठ्याने बोटांची पेरे मोजत जप करीत, तशीच ही मोजणी. गुगल कंपनीने २०१९ साली या प्रकारची जी पद्धत खुली केली, तिला शिकविण्यासाठी सुमारे तीस हजार खऱ्या छायाचित्रांवर माणसांनी हे बिंदू मांडून दिले होते. आज साध्या भ्रमणध्वनीवरही ती चालते. हे एकवीस बिंदू क्षणोक्षणी कसे सरकतात त्यावरून यंत्र ठरविते, की माणसाने चिमूट धरली, मूठ वळली, की पान उलटल्यासारखा हात फिरवला.

मराठी माणसाला या कल्पनेचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. बोटांच्या खुणांनी बोलण्याला आपल्या भाषेत करपल्लवी असा गोड शब्द आहे, आणि डोळ्यांच्या खुणांना नेत्रपल्लवी. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरतो, चार पावलांवर उभ्या असलेल्या तिसऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. संध्या करणाऱ्याला करन्यास ठाऊक असतो आणि गायत्रीच्या जपापूर्वीच्या चोवीस मुद्राही. तथापि, एवढ्यावरून 'हे सारे आमच्या शास्त्रात होतेच' असा जो घोष हल्ली उठसूट ऐकू येतो, त्यात आम्ही सूर मिसळणार नाही. भरतमुनींनी कॅमेरा सांगितला नव्हता आणि अभिनवगुप्ताला संगणकाची चाहूल नव्हती. त्यांनी हाताचा विचार केला, बारकाईने केला, हे पुष्कळ आहे. वारशाचा उपयोग करावयाचा की त्याची नुसती शेखी मिरवावयाची, हे आपण ठरवावयाचे आहे.

यंत्राकडून हात वाचवून घेण्याचा खटाटोपही काही कालचा नाही. थेरेमिन या रशियन संशोधकाने १९२० च्या सुमारास असे वाद्य बनविले, की वादकाचा हात त्याला लागतच नाही. तारेजवळ हात नेला-आणला की स्वर चढतो-उतरतो. अमेरिकेतील एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट याने १९८० साली भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट दाखवून 'ते तिथे ठेव' असे म्हणताच हुकूम पाळणारा संगणक दाखविला. मायक्रोसॉफ्टचे काइनेक्ट २०१० साली आले, पहिल्या साठ दिवसांत त्याचे ऐंशी लाख नग खपले, आणि २०१७ साली त्याचे उत्पादन बंदही झाले. लीप मोशन नावाची डबी २०१३ साली गाजावाजाने बाजारात आली, सहा वर्षांत ती कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. यशापयशाच्या या वर्दळीत एक साधे कारण वारंवार आढळते. हात हवेत धरून काम करणे माणसाला फार वेळ जमत नाही, तो भरून येतो. टेबलावर कोपर टेकून कळ दाबण्यात जे सुख आहे, ते हवेत बोटे नाचविण्यात नाही. चित्रपटातील नायक काचेच्या पडद्यापुढे दोन्ही हात फिरवीत गुन्हेगार शोधतो, ते पाहावयास ठीक. आठ तासांची नोकरी करणाऱ्या कारकुनाला ते लागू पडत नाही.

गुजरातच्याच पालनपूरचा एक तरुण, प्रणव मिस्त्री, याने २००९ साली एमआयटीतून 'सिक्स्थ सेन्स' नावाचे उपकरण जगापुढे ठेवले. गळ्यात एक लहान कॅमेरा व प्रक्षेपक, बोटांना रंगीत टोप्या. भिंत, कागद, तळहात, काहीही पडदा होई. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या या मुलाने त्याच वर्षी म्हैसूरच्या व्याख्यानात आपल्या यंत्राची रचना सर्वांना खुली करण्याचे जाहीर केले होते. ते उपकरण घरोघर पोचले नाही. पण त्या घोषणेची आठवण ठेवावी, कारण या विषयातील खरा झगडा हात कोण ओळखतो यापेक्षा हाताच्या खुणा कोणाच्या मालकीच्या, याचा आहे. त्याकडे आम्ही पुढे वळूच.

त्याआधी एका शब्दाविषयी. या तंत्राला 'टचलेस' म्हणण्याची प्रथा पडली आहे. २०२० च्या महामारीत हा शब्द घरोघर पोचला. उद्वाहनाचे बटण, नळाची तोटी, जंतुनाशकाची बाटली, सारे हात न लावता चालू लागले, आणि त्या काळापुरते ते योग्यच होते. परंतु विषय बडोद्याचा निघाला आहे, तर स्पर्श टाळण्याची या शहरातील एक जुनी रीतही सांगितली पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी १९१७ साली बडोद्यास आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर फाइली दुरून टाकीत. शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून उतरले, तर तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर कित्येक तास ते सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून होते. ती बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. राजा उदार, कायदा पुढारलेला, आणि कचेरीचा कारभार मात्र स्पर्शविरहित! ज्या समाजाचा न-शिवण्याचा इतिहास असा आहे, त्याने 'स्पर्शविरहित' हे विशेषण कौतुकाने मिरवू नये असे आम्हाला वाटते. हस्तसंकेत हा शब्द सरळ आहे आणि तो हाताविषयी बोलतो, तोच आपण वापरावा.

या तंत्राची खरी निकड कोणाला आहे? ज्याला पडद्यावर बोट टेकवता येते त्याला नाही. शस्त्रक्रिया चालू असताना हातमोजे घातलेल्या शल्यविशारदाला रुग्णाचे क्ष-किरण चित्र मागेपुढे करावयाचे असते. कळफलकाला हात लावला तर पुन्हा हात निर्जंतुक करून येण्यात वेळ जातो. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात काइनेक्टचा असा उपयोग २०११ च्या सुमारास करून पाहिला गेला, तो शहाणपणाचा होता. पण त्याहून कितीतरी मोठा वर्ग कर्णबधिरांचा आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांपैकी अनेकांची भाषा हाताची आहे. आपण ज्याला हातवारे म्हणतो ते त्यांचे व्याकरण आहे. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले ते २०१५ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षांनी. २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश निघाला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. ही गती पाहता शासनाला दोष देण्याऐवजी उशिरा का होईना जागे झाल्याबद्दल अभिनंदन करावे लागते, हीच या विषयातील आपली अवस्था!

यंत्राने हात वाचला, की कर्णबधिर माणूस बँकेच्या खिडकीपाशी, रुग्णालयाच्या चौकशीपाशी, पोलीस ठाण्यात आपले म्हणणे दुभाष्याखेरीज मांडू शकेल, ही आशा रास्त आहे. ती आज पुरी होण्यासारखी नाही, कारण यंत्राला दिसते ते बोटांचे आकार. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात. एक हात दुसऱ्यामागे गेला, बोटे एकमेकांत गुंतली, की कॅमेऱ्याचा गोंधळ उडतो. शिवाय या भाषेचा अर्धा अर्थ चेहऱ्यावर असतो. भुवई उंचावली की विधानाचा प्रश्न होतो. यंत्र बोटांची पेरे मोजत बसले आणि भुवई त्याच्या नजरेतून सुटली, तर 'पैसे मिळाले' आणि 'पैसे मिळाले का' यांतला भेद त्याला कळणार नाही. बँकेच्या खिडकीपाशी हा भेद बारीक म्हणता येत नाही.

नर्तकांना ही अडचण जन्मापासून ठाऊक आहे. चारी बोटे सरळ जुळवलेली आणि अंगठा किंचित वाकवलेला, असा पताक हस्त घ्या. तो मेघ दाखवितो, अरण्य दाखवितो, नदी दाखवितो, निषेध दाखवितो, रात्रही दाखवितो. बोटांचा आकार तोच. हात कुठे धरला, कोणत्या वेगाने नेला, नजर कुठे आहे, मागे गाण्याचे कोणते पद चालले आहे, त्यावरून अर्थ ठरतो. भरतनाट्यमच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे समजते. यंत्र घडविणाऱ्यांनी पाश्चात्त्य प्रयोगशाळेत एका आकाराला एक अर्थ लावून कोष्टक बनविले आणि आता ते त्या कोष्टकापलीकडे जाण्याची वाट शोधीत आहेत. ती वाट शोधताना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताचा अभ्यास केला त्यांना विचारावे, ही सूचना आम्ही भाबड्या अभिमानापोटी करीत नाही. अर्थात नृत्यातील मुद्रा ही कर्णबधिरांची भाषा नव्हे, आणि नर्तकाने त्यांच्या वतीने बोलू नये. परंतु आकार, स्थान, गती आणि नजर यांची वेगवेगळी नोंद कशी करावी, ही विद्या दोहोंना उपयोगी आहे.

आणि बडोद्याचे नाव आम्ही घेतो ते याचसाठी. गुरूच्या गळ्यात, हातात, पायात दडलेली विद्या लिहून काढून ती सर्वांना शिकण्याजोगी करणे, हा या शहराचा जुना छंद आहे. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि संगीताला स्वरलिपी दिली, तेव्हा घराणेदार मंडळींनी नाके मुरडली असतील, पण सामान्यांच्या मुलांना सूर शिकावयास मिळाले. तंजावरची लक्ष्मीबाई १८८० साली चिमणाबाई होऊन या राजवाड्यात आली, तिच्याबरोबर गौरी आणि कांतिमती या नर्तकी आल्या. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजावूरकर यांनी पुढे दरबाराबाहेरच्या मुलामुलींना बडोद्यात भरतनाट्यम शिकविले. १८९० साली निघालेल्या कलाभवनात कारागिरी आणि यंत्रविद्या शिकविली जाई. दादासाहेब फाळके तेथलेच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. प्राच्यविद्या मंदिर, नृत्याचा विभाग, ललितकला, आणि कलाभवनाच्या परंपरेतील अभियांत्रिकी, ही सारी त्या एकाच विद्यापीठाची अंगे आहेत. नाट्यशास्त्राचा नववा अध्याय जेथे छापला गेला तेथून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेपर्यंत जाण्यास परराष्ट्राचे पारपत्र लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की भारतीय हाताची एक सार्वजनिक नोंद व्हावी आणि तिचा आरंभ बडोद्यात व्हावा. कर्णबधिर स्त्री-पुरुषांचे, नर्तकांचे, कारागिरांचे, म्हाताऱ्यांचे, मुलांचे हात; संमतीने, मोबदला देऊन, कोणाचा हात कशासाठी घेतला याची टिपणे ठेवून नोंदवावे. ज्याच्या हाताला पाच बोटे नाहीत, ज्याचा हात थरथरतो, त्याचाही हात त्यात असावा. एकवीस बिंदू गृहीत धरून चालणाऱ्या यंत्रापुढे तीन बोटांचा कामगार उभा राहिला, तर यंत्र नसलेली बोटेही कल्पनेने मांडते आणि मग त्याची आज्ञा चुकीची वाचते. अपघातात बोटे गमावलेल्या माणसाला यंत्रानेही पुन्हा नाकारावे, हे आम्हाला असह्य वाटते.

ही नोंद आपण केली नाही तर ती दुसरे कोणी करील, आणि त्याचे भाडे आपल्याकडून घेईल. ही भीती काल्पनिक नाही. पडद्यावर बोट सरकवून दूरध्वनीचे कुलूप उघडण्याच्या साध्या हालचालीवर ॲपल कंपनीने २०११ साली अमेरिकेत पेटंट मिळविले आणि त्यावरून सॅमसंगशी वर्षानुवर्षे खटला चालविला. बोट सरकविणे, जे तान्हे मूलही करते, तेही मालमत्ता ठरू शकते! त्याच कंपनीचा 'व्हिजन प्रो' हा डोळ्यांवर बांधावयाचा संगणक २०२४ च्या फेब्रुवारीत साडेतीन हजार डॉलरांना विकावयास निघाला. त्यात नजरेने वस्तू निवडावयाची आणि अंगठा व तर्जनी जुळवून हुकूम द्यावयाचा. भरतनाट्यमच्या वर्गात ज्याला हंसास्य म्हणतात, त्याच्याच जवळपासची ही खूण. नजर आणि हात यांची सांगड घालावी लागते हे त्या अभियंत्यांनाही अखेर कळले, याचे आम्हाला समाधान आहे. पण ही चिमूट उद्या कोणाच्या परवान्याने धरावयाची, हा प्रश्न समाधानाने मिटत नाही. प्रणव मिस्त्रीची ती घोषणा आम्हाला आठवते ती येथे.

आणखी एका गोष्टीची चिंता वाटते. हात लावावयाचा नसेल, तर यंत्राने सतत पाहत राहिले पाहिजे. भिंतीवरचे बटण आपण कोण आहोत हे जाणत नाही. कॅमेऱ्याला ते आपण खोलीत पाऊल टाकताच दिसते, आणि हाताबरोबर घरातले बाकी सारेही दिसते. हाताच्या थरथरीवरून कंपवाताचा माग काढण्याचे प्रयोग संशोधक करीत आहेत. वैद्याच्या हाती ती माहिती वरदान आहे. विमा कंपनीच्या हाती ती पडली, तर हप्ता वाढेल किंवा विमाच नाकारला जाईल, आणि माणसाला कारणही कळणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्याखाली हाताच्या हालचालीही येतात हे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. हाताचे चित्र यंत्रातच वाचून तेथेच पुसले जावे, बाहेर पाठवू नये, अशी अट निदान सरकारी कचेऱ्यांत बसविल्या जाणाऱ्या यंत्रांना तरी घालता येईल. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही, कारण ही पद्धत भ्रमणध्वनीतल्या भ्रमणध्वनीत चालते हे आपण वर पाहिलेच.

केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी २०२२ साली 'भाषिणी' हा प्रकल्प सुरू केला. त्यात मराठीला आणि कोंकणीला जसे स्थान आहे, तसेच वजन सांकेतिक भाषेला मिळाले पाहिजे. मराठी-कोंकणीच्या वादात आयुष्याची कित्येक वर्षे घालविलेल्या आम्हा गोमंतकीयांनी तरी, ज्यांची भाषा कोणत्याच परिशिष्टात नाही त्यांचे दुःख लवकर ओळखावे. राज्य सरकारलाही हात झटकता येणार नाहीत. २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट भरविण्यात आले, त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, पणजीची कला अकादमी आणि राज्यातील कर्णबधिरांच्या शाळा यांना एकत्र बसवून, बडोद्याच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करून एक लहानसे काम हाती घेण्यास फार मोठी तरतूद लागत नाही. पणजीच्या कदंब बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीपाशी असे एक यंत्र ठेवावे, आणि 'काणकोणची गाडी कुठे लागते?' हा प्रश्न हातांनी विचारला असता ते त्याला समजतो की नाही, हे मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होण्यापूर्वी कर्णबधिर प्रवाशांनाच तपासू द्यावे.